माशाचं जिलेटिन: आईच्या बिनसाखरेच्या खरवसासाठी दोन महिने वापरलं, त्याचा रिव्ह्यू

डबी तळाला आलीये, दोनेक चमचे उरलेत, म्हणून आता लिहितोय. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर फक्त शिव्या घातल्या असत्या आणि ते चुकीचं झालं असतं, कारण चुका पावडरच्या कमी आणि माझ्या प्रमाणाच्या जास्त होत्या.

आधी हे का घेतलं ते सांगतो. आम्ही दादरला राहतो, मूळचे मालवणकडचे. आईला ११ वर्षं डायबेटीस आहे. तिला गोडाची फार हाव आहे असं नाही, पण खरवस म्हटलं की तिचा जीव तुटतो. गावाला गाय व्यायली की चीक यायचा, त्यात गूळ, वेलची, जायफळ घालून वाफवायचे आणि तो लुसलुशीत खरवस ताटलीत थरथरत यायचा, हे ती अजून सांगते. इकडे दुकानात वड्या मिळतात पण साखर नाहीतर गूळ असतोच. मध्ये एकदा एका दुकानातनं ‘शुगर फ्री’ लिहिलेली मिठाई आणली, दोन तासांनी ग्लुकोमीटरवर आकडा बघून पोटात गोळा आला, मग डबा उलटा करून वाचला तर माल्टिटॉल (साखरेच्या जागी घालतात तो गोड पदार्थ) आणि मैदा. साखर नाही हे खरं, पण माल्टिटॉलही रक्तातली साखर वाढवतो आणि मैदा तर वाढवतोच. तेव्हापासून ठरवलं की जे काही द्यायचं ते घरी करायचं आणि त्यात काय पडलंय ते आपल्याला माहीत असायला हवं.

आता खरवसासारखं थरथरणारं आणि तरी कार्ब कमी असं काय, तर क्रीम आणि ती जमवणारं जिलेटिन. इटालियन लोक ज्याला पन्ना कोटा म्हणतात, म्हणजे शब्दशः शिजवलेली साय, तेच हे. साखरेच्या जागी दुसरं काही घातलं की झालं. जिलेटिन म्हणजे जवळपास सगळं प्रोटीनच, त्यात कार्ब नाही आणि साखर नाही. जेलीची जी रंगीत पाकिटं किराणावाल्याकडे मिळतात ती वेगळी हां, त्यात बहुतेक भाग साखरच असते, त्यांचा या कामाला काही उपयोग नाही.

पण जिलेटिनचा प्रश्न घरात आला तो वेगळाच. हे बनतं जनावरांच्या कातडी आणि हाडातल्या कोलॅजेन नावाच्या प्रोटीनपासून, आणि आपल्याकडे जी साधी विनाचवीची पावडर मिळते ती बहुतेक गाय-म्हशीच्या हाडाची असते. आईला मी लपवून काही खायला घालणार नाही, ते मला जमत नाही, म्हणून सरळ सांगितलं. ती म्हणाली, ‘अरे मासे खातो आपण, पण हे नको रे.’ मी तिला म्हटलं अगं आई, तू रोज कॅप्सूल घेतेस ना, त्याचं वरचं कव्हरसुद्धा बहुतेक जिलेटिनचंच असतं, तर म्हणाली औषध वेगळं, ताट वेगळं. बरोबर आहे तिचं. मग शोधाशोध केली तर कळलं माशाच्या कातडीपासूनही जिलेटिन काढतात. मालवणी घरात माशाला कोण नाही म्हणणार!

क्रॉफर्ड मार्केटला बेकिंगच्या सामानाची दुकानं पालथी घातली, मोल्ड, एसेन्स, चायना ग्रासच्या गुंडाळ्या सगळं होतं, माशाचं जिलेटिन त्या दिवशी एकाकडेही नव्हतं, एका काकांनी मात्र ‘फिश वाला ऑनलाइन देखो’ असं प्रेमाने सांगितलं. शेवटी ऑनलाइनच मागवलं. १०० ग्रॅमची डबी, मला ३८० रुपयांना पडली, साध्या जिलेटिनपेक्षा बरीच महाग. डबीवर शाकाहाराचा हिरवा ठिपका नसतो, मांसाहाराची तपकिरी खूण असते (आता नव्या पाकिटांवर चौकटीत त्रिकोण येतो), ती बघूनच घ्या. ज्यांना माशाची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी याच्या वाटेला अजिबात जाऊ नका.

आता वस्तूबद्दल. पावडर बारीक, फिकट पिवळसर, चिमूट जिभेवर ठेवली तर काही चव नाही. पाण्यात भिजली की मात्र वास येतो. फार नाही, पण ओल्या सुकटीच्या डब्याचं झाकण लांबून उघडल्यासारखा एक हलका वास येतो आणि बायकोने तो किचनच्या दारातनं ओळखला. पहिल्या वेळी मी नुसता व्हॅनिला घातला होता, थोडा उरलाच. नंतर जायफळ, वेलची आणि केशराच्या चार काड्या कोमट क्रीममध्ये दहा मिनिटं मुरवल्या तर वास पूर्ण गेला. म्हणजे खरवसाचाच मसाला कामाला आला. त्यामुळे वासाचा मी अर्धाच मार्क कापतोय.

खरी गोष्ट प्रमाणाची आहे आणि ती डबीवर नीट दिलेली नाही. डबीवर लिहिलंय ५०० मिलीला १५ ग्रॅम. तसं केलं. काय झालं? वाटीतनं काढलं तर ताटलीवर उभं राहिलं, चमचा मारला तर चमचा मागे आला, आईने एक घास खाल्ला आणि म्हणाली, ‘रबर आहे हे.’ मी त्या दिवशी खूप नाराज झालो. मग जरा वाचलं तर समजलं की जिलेटिनची ताकद ब्लूम नावाच्या आकड्यात मोजतात, साधारण ५० ते ३०० पर्यंत, जितका आकडा जास्त तितकी पावडर कमी लागते, आणि हा आकडा डबीवर छापलेलाच नाहीये. ही माझी या कंपनीबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार. ३८० रुपये घेता तर एक आकडा छापा ना, आणि कुठल्या माशाचं आहे तेही लिहा, कारण तिलापियासारख्या गरम पाण्यातल्या माशाचं जिलेटिन बऱ्यापैकी घट्ट बसतं आणि थंड समुद्रातल्या माशाचं खूप कमी तापमानालाच वितळतं, म्हणजे मुंबईत त्याचा काही उपयोगच नाही.

बारा वेळा करून माझं जे प्रमाण बसलंय ते असं. ४०० मिली फ्रेश क्रीम, १०० मिली दूध, आणि ८ ग्रॅम जिलेटिन, म्हणजे घरातल्या चहाच्या चमच्याने सपाट पावणेतीन चमचे. ७ ग्रॅमला वाटीतनं चमच्याने खाण्याइतकं मऊ होतं, ताटलीत उलटं करायचं असेल तर ८ हवंच. साधं जिलेटिन वापरणाऱ्या माझ्या मित्राचं याच मापाला ६ ग्रॅममध्ये भागतं, कारण माशाचं जरा मऊ बसतं. वजनकाटा असेल तर प्लीज वापरा, चमच्याचा भरवसा नाही, २ ग्रॅमने सगळं बदलतं.

कृती फार मोठी नाहीये. पावडर थंड पाण्यावर पसरून टाकायची, पावडरच्या चार-पाच पट पाणी, पावडरवर पाणी ओतायचं नाही कारण गुठळ्या होतात आणि त्या गुठळ्या आतनं कोरड्या राहतात, कितीही ढवळा. दहा मिनिटं फुलू द्यायची. तोपर्यंत दूध, गोडवा आणि मसाला गरम करायचा, उकळायचं नाही, बोट एक क्षण टिकेल इतकं गरम, त्यात फुललेलं जिलेटिन घालून पूर्ण विरघळेपर्यंत हलवायचं, गाळणीने गाळायचं (हे सोडू नका, एक तरी कण राहतोच), आणि मग क्रीम घालायची. जिलेटिन खूप उकळलं की त्याची बांधायची ताकद कमी होते, म्हणून क्रीमसकट सगळं एकदम गॅसवर ठेवून खळाखळा उकळवायचा शॉर्टकट घेऊ नका.

आणि एक गोष्ट जी मला तिसऱ्या वेळी कळली: गरम मिश्रण तसंच वाट्यांत ओतून फ्रीजमध्ये ठेवलं की जमेपर्यंत क्रीमचं तूप वर येतं आणि खाली पाणीदार थर बसतो, कापल्यावर दोन रंग दिसतात. त्यासाठी टोपात बर्फाचं पाणी घेऊन त्यावर पातेलं ठेवायचं आणि हळूहळू हलवत राहायचं, कढीसारखं दाटसर झालं की मगच वाट्यांत. मग फ्रीजमध्ये कमीत कमी सहा तास, रात्रभर ठेवलं तर उत्तम.

क्रीमबद्दल. टेट्रापॅकमधली जी फ्रेश क्रीम सगळीकडे मिळते तिच्यात २५ टक्के फॅट असतं. ती फेटून फुगत नाही, फुगायला निदान ३० टक्क्यांच्या वर लागतं, पण आपल्याला फुगवायचीच नाहीये, जमवायची आहे, त्यामुळे ती चालते आणि छान चालते. केकवाले जी मोठ्या पॅकमधली व्हिपिंग क्रीम वापरतात ती मात्र बघून घ्या, तिच्यातली बरीचशी नॉन डेअरी असते, म्हणजे वनस्पती तेल आणि त्यात साखर आधीच घातलेली. माझ्या बहिणीने बिचारीने ‘क्रीमच आहे ना’ म्हणून ती आणली आणि आम्ही सगळी मेहनत बिनसाखरेची करून साखरच खाल्ली असती. मागचं लेबल वाचल्यावर ती आम्ही पोरांच्या वाढदिवसाला वापरून टाकली.

गोडव्याचं. मी एरिथ्रिटॉल वापरतो. साखरेच्या साधारण ७० टक्के गोड, शरीराला त्यातनं जवळपास काहीच ऊर्जा मिळत नाही. पहिल्यांदा मी हिशोब लावला की साखर ६० ग्रॅम लागली असती तर हे ९० ग्रॅम घालू. रात्री मस्त लागलं, दुसऱ्या दिवशी दाताखाली कचकच, कारण फ्रीजच्या थंडीत ते परत खड्यासारखं जमतं, आणि जिभेवर एक पेपरमिंटसारखा गारवा येतो तो वेगळाच. आता ४५ ग्रॅम एरिथ्रिटॉल आणि नखाच्या टोकावर मावेल इतकी शुद्ध स्टीव्हिया. स्टीव्हिया साखरेच्या दोन-तीनशे पट गोड असते, तिचा हात जरा सैल सुटला की कडवट लागतं. सॅशेमध्ये मिळणाऱ्या स्टीव्हियात पुष्कळदा माल्टोडेक्स्ट्रिन नाहीतर डेक्स्ट्रोज मिसळलेलं असतं, म्हणजे कार्बच, तेही बघा. आणि एरिथ्रिटॉलबद्दल २०२३ साली नेचर मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता, रक्तातलं त्याचं प्रमाण आणि हृदयविकाराचा धोका यांचा संबंध दिसला असा, त्यातनं कारण सिद्ध झालेलं नाही पण आईचं वय ७२ आहे, म्हणून मी तिच्या डॉक्टरांना दाखवलं आणि ते म्हणाले आठवड्यातनं एखादी वाटी ठीक आहे. तुमच्या घरी हृदयाचा त्रास असेल तर आधी विचारा, इथे वाचून ठरवू नका.

हिशोब काढला तर या मापाच्या सहा वाट्या होतात, क्रीम आणि दुधातले मिळून एका वाटीत साधारण साडेतीन ग्रॅम कार्ब येतात, एरिथ्रिटॉल यात धरलेलं नाही. पण कॅलरी पावणेदोनशेच्या आसपास आहेत, बहुतेक फॅटच्या. हे मी मुद्दाम लिहितोय कारण शेजारच्या काकू ‘शुगर नाही ना, मग काय’ म्हणून तीन वाट्या खायला निघाल्या होत्या. लो कार्ब आहे, हलकं नाहीये. आईला मी एकच वाटी देतो, तीही जेवणानंतर, आणि तिच्या मीटरवर दोन तासांनी रोजच्या जेवणानंतर येतो तसाच आकडा आलाय, सहा वेळा बघितलं. हा आमच्या घरचा आकडा, तुमचा तुम्ही बघा.

आता मुंबईचा उन्हाळा. माशाच्या जिलेटिनचा खरा कमकुवतपणा इथेच. साधं जिलेटिन ३५ अंशाच्या जवळ वितळतं, म्हणून तर ते तोंडात विरघळतं, हे त्याच्याही आधी सुटतं. मे महिन्यात टेबलवर वाटी ठेवली आणि फोन आला म्हणून उठलो, दहा-बारा मिनिटांत कडा सैल झाल्या. एकदा तर बहिणीकडे डोंबिवलीला न्यायचं होतं, स्टीलचा डबा, बाहेर ओला टॉवेल, दादरहून फास्ट पकडली, गर्दी कशी असते ते सांगायला नको, तिच्या घरी पोचून झाकण काढलं तर पातळ बासुंदी. मला रडू यायचं बाकी होतं कारण आई तिथे होती आणि वाट बघत होती. पण तसाच डबा लगेच फ्रीजमध्ये टाकला आणि रात्री जेवण होईपर्यंत परत जमलं! जिलेटिनचा हा गुण फार मोठा आहे, वितळलं तर थंड केल्यावर पुन्हा बसतं. जरा मऊ बसलं, ताटलीत उलटं करता आलं नाही, वाटीतनं खाल्लं. आता मी बर्फाच्या पॅकवाली बॅग नेतो.

चायना ग्रास का नाही, हे बरेच जण विचारतील. चायना ग्रासही चांगलं आहे, समुद्री शेवाळाचं, शाकाहारी, आणि एकदा जमलं की ८५ अंशापर्यंत वितळत नाही, त्यामुळे आमच्यासारख्या गरम शहराला खरं तर तेच सोयीचं. आई संकष्टीला आणि श्रावणात मासे खात नाही तेव्हा मी तेच करतो, ते मात्र चांगलं उकळून पूर्ण विरघळवावं लागतं, जिलेटिनच्या बरोबर उलट. पण पोत वेगळा. चायना ग्रास कापल्यावर स्वच्छ तुटतं, तोंडात चावावं लागतं. जिलेटिनचं जिभेवर ठेवलं की ते वितळतं आणि क्रीम सुटते, आणि खरवसाच्या त्या लुसलुशीतपणाच्या जास्त जवळ तेच जातं. दोन्ही शेजारी ठेवून आईला दोनदा डोळे मिटून खायला दिलं, तिने दोन्ही वेळा जिलेटिनचंच उचललं.

फळांचं थोडक्यात. न शिजवलेला अननस, पपई, किवी यात प्रोटीन तोडणारे घटक असतात, जिलेटिन जमतच नाही, मी दादर मार्केटातला मस्त पिकलेला अननस बारीक चिरून घातला होता आणि दुसऱ्या दिवशी ताक निघालं. अननस उकळून घातला तर चालतो, पण त्यात साखर भरपूर असते, मग कशाला. हिवाळ्यात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी येते ती घ्या, कार्ब त्या मानाने कमी, दोन-तीन फोडी वर ठेवल्या तरी पुरे. कोकमाचा एक पातळ थर मी करून बघितला, बिनसाखरेचं कोकम भिजवलेलं पाणी, त्यात जिलेटिन जरा जास्त कारण आंबटाने ते ढिलं पडतं, आणि तो पांढऱ्या थरावर पूर्ण थंड झाल्यावरच ओतायचा, क्रीममध्ये कोकम मिसळलं तर फाटतं. दिसायला इतकं सुंदर झालं की बायकोने फोटो काढून सगळ्या नातेवाईकांना पाठवले. आईला मात्र साधंच आवडतं, जायफळवालं.

मार्क द्यायचे तर ५ पैकी ४. वासाचा अर्धा आणि डबीवर ब्लूम न छापल्याचा अर्धा कापला. ज्यांना गाय-म्हशीचं नको आणि मासे चालतात त्यांच्यासाठी यापेक्षा चांगलं मला तरी सापडलेलं नाही. ज्यांच्या घरी तसा प्रश्न नाही त्यांनी साधं जिलेटिन घ्यावं, स्वस्त पडतं आणि उन्हात थोडं जास्त टिकतं.

पावसात एक काळजी घ्या. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी झाकण नीट न लावता डबी ओट्यावर ठेवली आणि वरचा थर चिकट गोळा झाला, तो चमच्याने काढून टाकावा लागला. आता काचेच्या बरणीत, आत सिलिका जेलची पुडी टाकून, मीठ-मसाल्याच्या फळीवर न ठेवता कपाटात ठेवतो. दुसरी डबी मागवलीये, शनिवारी येईल असं दाखवतंय, आणि आईने आधीच विचारलंय की या वेळी गुळासारखा रंग आणता येईल का. थोडी दालचिनी आणि केशर जास्त घालून बघणार आहे.